पहिलाच ‘न्या की’

अनगोळात चौथ्या रेल्वे गेटापलीकडच्या गल्लीत बायका एकमेकींचं कौतुक उदंड करतात आणि पुरुष अजिबात करत नाहीत. गल्लीचा जमाखर्च त्यामुळे वर्षानुवर्षं चोख जुळत आला होता. तो बिघडवला केशवराव हुक्केरीकरांनी, आणि तोही चांगुलपणाच्या भरात. माणूस वाईट वागला तर गल्लीला त्याची सवय असते. तो एकाएकी चांगला वागायला लागला की त्याचा बंदोबस्त कसा करायचा ते कुणालाच सुचत नाही.

केशवराव उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला होते. ओतून, थंड होऊन, घासून आलेला माल त्यांच्या टेबलावर यायचा. ते त्याला टिचकी मारायचे, कान लावायचे, उजेडात फिरवायचे आणि खोट सापडली की लाल रंगाची फुली ओढायचे. खोट सापडली नाही तर काहीच करायचे नाहीत. चांगल्याला चांगलं म्हणायचा रंगच त्या खात्यात नव्हता. आयुष्यभर हे केल्यावर संध्याकाळी घरी येऊन सदऱ्याबरोबर नजरही खुंटीला टांगता येत नाही, हे विनोदिनीबाईंना लग्नानंतर लवकरच समजलं होतं, आणि त्यांनी ते मनाला लावून घेणंही सोडलं होतं.

पण त्या दिवशी शहापूरला भाचीच्या लग्नाला निघताना त्या इरकली नेसून बाहेर आल्या आणि सहज विचारून गेल्या, कशी दिसतेय म्हणून. केशवरावांनी चष्मा पुसला, पदरापासून निऱ्यांपर्यंत नजर नेली आणि निकाल दिला, “डाव्या बाजूला फॉल अर्धा इंच खाली आलाय.”

फॉल खरोखरच खाली आला होता. अशा माणसांचं दुर्दैव हेच, की ती चुकत नाहीत.

लेक ओवी म्हणाली, “बाबा, तुम्ही शेवटचं कौतुक कुणाचं केलंत?” केशवरावांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. लग्नात पंगतीला बसल्यावर ते आठवत राहिले. मसालेभात आला, जिलबी आली, मठ्ठा आला. कौतुक काही आठवलं नाही. परतताना रिक्षात त्यांनी जाहीर केलं, की उद्यापासून आपण रोज एका माणसाचं मनापासून कौतुक करणार. विनोदिनीबाई शाळेत गणित शिकवतात. त्या बाहेर बघत एवढंच म्हणाल्या, “जपून करा.”

सुरुवात फौंड्रीत झाली. भरमा हा मोल्डिंगमधला जुना माणूस. त्याचा साचा कधी ढासळत नाही. केशवराव त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, भरमा, तुझं काम फार सुंदर आहे. भरमानं हातातली थापी खाली ठेवली. “साहेब,” तो म्हणाला, “कुठं बदली झाली माझी?” जेवणाच्या सुट्टीपर्यंत भरमाला काढणार अशी बातमी पसरली आणि सुट्टी संपायच्या आत युनियनची दोन माणसं टेबलाशी येऊन कारण विचारून गेली. कौतुक मागं घेतो असं केशवरावांना तोंडी सांगावं लागलं, तेव्हा कुठं भट्टी पेटली.

स्टोअरचे नागेंद्र हे सल्ला द्यायला नेहमीच मोकळे. ते नेहमीचं कानडी ‘री’ लावत म्हणाले, “पुरुषाचं असं तोंडावर चांगलं बोलायचं नसतंय री. शिवी घालायची. ‘काय बेणं हाय’ म्हणायचं. त्याला बरोब्बर कळतंय.” केशवरावांना शिव्या येत नव्हत्या असं नाही, पण मनापासूनच्या कौतुकात शिवी घालणं त्यांना भेसळ वाटलं. पुरुष या मालाला गिऱ्हाईक नाहीत, असा निष्कर्ष काढून त्यांनी दुकान गल्लीत हलवलं.

इथून पुढच्या सगळ्याची सुरुवात शालूबाईंच्या स्वयंपाकघरात झाली.

शालूबाई आणि महादेव हे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मूळचे खानापूरकडचे, गावी अजून थोडी शेती आहे. महादेव इथं पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन. कुठल्या गल्लीत पाणी कधी सोडायचं ते त्याच्या हातातल्या लांब चावीवर ठरतं, त्यामुळे गल्लीत त्याला फारसं कुणी उलटून बोलत नाही, आणि तोही कुणाशी फारसं बोलत नाही. रविवारी सकाळी केशवराव पाणी किती वाजता येणार ते विचारायला गेले. महादेव आंघोळीला गेला होता. शालूबाई चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, आंबोळ्या घालत होत्या. त्यांनी एक बशीत घालून पुढं केली.

केशवरावांचं लक्ष आंबोळीकडे गेलंच नाही. ते तव्याकडे बघत होते. जुना बिडाचा तवा. तेल पिऊन पिऊन काळाभोर, आरशासारखा झालेला. आंबोळी त्यावरून नुसती सरकत होती, उलथनं दाखवायचं काम होतं. आंबोळ्या संपल्यावर त्यांनी तोच तवा फडक्यानं धरून उचलला, उलटा केला, टिचकी मारली. घंटेसारखा वाजला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून कौतुक आपोआप बाहेर पडलं. “शालूबाई, काय तवा आहे हो. कुठं छिद्र नाही, कुठं तडा नाही. असा माल आता निघत नाही.”

शालूबाईंचा चेहरा फुलला. आणि मग त्यांनी तेच म्हटलं, जे त्यांची आई म्हणायची, आजी म्हणायची आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या बायका म्हणतात. “मग न्या की वैनीस्नी.”

केशवरावांना भरून आलं. एक साधा चांगला शब्द बोलावा आणि समोरच्या माणसानं घरातली वस्तू काढून द्यावी. आपण इतकी वर्षं काय गमावत होतो, असं त्यांना वाटलं. “एवढं म्हणताय तर नेतो,” ते म्हणाले.

शालूबाईंच्या हातातलं उलथनं होतं तिथंच थांबलं. पण शब्द तोंडातून गेला होता. त्यांनी तवा निवू दिला, कागदात गुंडाळला, वर फडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी दिला. महादेव टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तर केशवअण्णा बगलेत तवा घेऊन पायऱ्या उतरत होते. त्या दिवशी हुक्केरीकरांच्या नळाला पाणी जरा कमी आलं, पण त्याचा आणि तव्याचा काही संबंध नाही, असं महादेव आजही सांगतो.

घरी विनोदिनीबाई पेपर तपासत होत्या. तवा बघितल्यावर त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं आणि त्या खाली बसल्या.

मग त्यांनी जो नियम सांगितला तो केशवरावांना सर्वस्वी नवा होता. एक बाई दुसरीची वस्तू छान म्हणते. दुसरी म्हणते, न्या की. पहिली म्हणते, छे. पुन्हा न्या की, पुन्हा नको. तिसऱ्यांदा न्या की, तिसऱ्यांदा ‘तुमच्याकडंच शोभतंय’. मग चहा. या पद्धतीनं गल्लीत आजवर साड्या, पैंजण, मिक्सर, एक गाय आणि दोन सुना एकमेकींना देऊ केल्या गेल्या होत्या आणि एक चमचाही इकडचा तिकडं गेला नव्हता.

“पण त्या स्वतः न्या म्हणाल्या,” केशवराव म्हणाले.

“न्या म्हणजे नेऊ नका.”

“हे कुठं लिहिलंय?”

विनोदिनीबाईंनी दुसरंच सांगितलं, आणि ते जास्त वाईट होतं. तो तवा शालूबाईंच्या सासूचा. सासूनं जाताना तो पोटच्या लेकीला न देता सुनेला दिला, आणि लेक, म्हणजे महादेवची मोठी बहीण अक्काताई, निपाणीला असते. अक्काताई दरवर्षी येते, आईच्या तव्यावरच्या आंबोळ्या खाते, तवा लई चांगला हाय म्हणते. शालूबाई न्या की आक्का म्हणतात. अक्काताई तीनदा नको म्हणते. त्या नको-नकोवर नणंद-भावजयीचं सगळं सुरळीत चाललेलं होतं. आणि अक्काताई येत्या रविवारी येणार होती. सासूनं लेकीला नाकारलेला तवा भावजयीनं शेजारच्या बाप्याला एका शब्दावर देऊन टाकला, हे तिला कळलं तर शालूबाईंना त्या घरात तोंड वर काढता येणार नव्हतं.

रविवारच्या आत तवा परत गेला पाहिजे, एवढं केशवरावांना समजलं. त्यांना ते सोपंही वाटलं. ते उठले, तवा घेतला आणि शेजारी गेले.

शालूबाईंनी दार उघडलं, तव्याकडे बघितलं आणि हात मागं घेतले. दिलेली वस्तू परत घ्यायला आमी कोण, असं त्यांचं म्हणणं पडलं. आवडला न्हाय म्हणून परत आणलासा, व्हय. केशवराव घाईघाईनं म्हणाले, छे छे, आवडला, फारच उत्तम तवा आहे. “मग ठेवा की,” शालूबाई म्हणाल्या, आणि हे इतकं तर्कशुद्ध होतं की केशवराव तवा घेऊन परत आले. वर एक वाटी चटणीही आली, कारण घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत नाही. आता घरात शेजारणीच्या दोन वस्तू झाल्या.

पुढचे दिवस सल्ल्यांचे. ओवी म्हणाली, कुरिअरनं पाठवा, नाव घालू नका. समोरचे रवळू पाटील निवृत्तीनंतर गल्लीच्या सगळ्या भानगडींचे बिनपगारी सल्लागार झाले होते. ते म्हणाले, पंचांपुढं ठेवा. पंच कोण ते मात्र त्यांनी स्वतःकडे बोट न दाखवता सुचवलं. फौंड्रीत नागेंद्र म्हणाले, तुम्ही फौंड्रीत कामाला की भांड्याच्या दुकानात? असाच दुसरा ओतून घ्या, शेजारणीला परतभेट म्हणून द्या, अक्काताईला काय कळतंय. हा सल्ला केशवरावांना शास्त्रीय वाटला. त्यांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून तवा आत नेला, भरमानं त्याचा साचा घेतला आणि मधल्या सुट्टीत एक नवा तवा ओतून दिला. भरमा खुशीत होता. या वेळी कौतुक झालं नव्हतं.

संध्याकाळी गेटवर सुरक्षारक्षकानं पिशवी उघडली. आत दोन तवे.

बिडाची वस्तू गेटपासशिवाय बाहेर जात नाही. केशवराव म्हणाले, एक माझा घरचा आहे. रक्षक म्हणाला, मग आत आला तेव्हा नोंद असेल. नोंद नव्हती. त्यांना नागेंद्रांकडे पाठवण्यात आलं. नागेंद्र खुर्चीत बसलेले असले की स्टोअरचे नागेंद्र असतात, मित्र नसतात. त्यांनी दोन्ही तवे टेबलावर ठेवून पाहिले. “आत आल्याची नोंद न्हाय. म्हणजे दोन्ही इथंच जन्मले, री.”

इथं जन्मलेल्या मालाला बाहेर जायचं तर इन्स्पेक्शनची मंजुरी लागते. इन्स्पेक्शन म्हणजे केशवराव. पण स्वतःच्या मालाला स्वतः मंजुरी देता येत नाही, हा नियम त्यांनीच कधीकाळी आग्रहानं घालून घेतला होता. मग हाताखालच्या सौम्यानं तवे तपासले. सौम्या नवी, हुशार, केशवरावांनी स्वतः तयार केलेली मुलगी. नवा तवा पास झाला. जुन्याची जाडी मधे कमी भरली, कडा झिजलेली निघाली, बूड एका बाजूला किंचित बसलेलं होतं. तिनं सरांसारखीच टिचकी मारली, सरांसारखाच कान लावला आणि शालूबाईंच्या सासूच्या तव्याच्या पाठीवर लाल फुली ओढली. बाद माल दुसऱ्या दिवशी भट्टीत जातो.

बाद मालाला सोडवायची एकच वाट होती: वरिष्ठानं लेखी द्यायचं, की खोट आहे पण चालेल, आणि का चालेल. असा कागद त्यांनी जन्मात कधी लिहिला नव्हता. इतरांनी लिहिलेले परत पाठवले होते. त्या संध्याकाळी ते लिहायला बसले. झीज आहे, पण ती वापरानं आली आहे. जाडी कमी आहे, पण उष्णता सगळीकडे सारखी जाते. तव्यानं आपलं काम चोख केलेलं आहे. लिहिता लिहिता अर्धं पान भरलं. नागेंद्रांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “निरोप समारंभ आहे काय री कुणाचा?” मग शिक्का मारला.

दोन्ही तवे घरी आले. नव्या तव्यानं पहिली आंबोळी धरून ठेवली, दुसरीचे तुकडे केले आणि तिसरी खरवडावी लागली. तरी विनोदिनीबाई तो घेऊन शेजारी गेल्या. शालूबाईंनी तो हातात घेतला, किती चकचकीत हाय म्हणाल्या, वजनाला किती भारी हाय म्हणाल्या, आणि तुमच्याकडंच शोभतोय म्हणून परत दिला. रीतीनं, तीनदा.

शनिवार उजाडला. विनोदिनीबाई म्हणाल्या, आता तुम्ही मधे पडायचं नाही, हे बायकांचं काम आहे. त्यांचा बेत असा: शालूबाईंना चहाला बोलवायचं, जुना तवा समोर ठेवायचा, शालूबाईंनी त्याचं कौतुक करायचं, विनोदिनीबाईंनी न्या की म्हणायचं, शालूबाईंनी न्यायचा. कुणीच काही परत केलं नाही. एकीनं कौतुक केलं, दुसरीनं दिलं. हे शालूबाईंच्या कानावर आडवळणानं घालण्यातही आलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. केशवराव बाहेरच्या खोलीत पेपर उघडून, तो न वाचता बसले.

“वैनी, तवा लई झ्याक ठेवलासा,” शालूबाई म्हणाल्या. “आमच्याकडं असा कवा दिसला न्हाय बगा.”

“मग न्या की.”

“छे. तुमच्याच हातात रूप आलंय त्याला.”

“आमच्या हातात काय येतंय, दोन आंबोळ्या करपल्या काल. न्या हो.”

“असू दे वैनी. आमच्यात खाणारं तरी कोण हाय.”

“शालूबाई, न्या.”

बाहेर केशवरावांनी पेपर मुठीत धरला होता. “न्हाय वैनी,” शालूबाईंचा आवाज आला, अगदी हळू, “तुमच्याकडंच शोभतोय.”

तीन नकार हाडात भिनलेले असतात. ते थांबवावे म्हटलं तरी थांबत नाहीत. आणि तिसऱ्या नकारानंतर चौथा न्या की चालतो की नाही ते दोघींनाही माहीत नव्हतं, कारण तिथवर गल्लीत कुणी कधी गेलंच नव्हतं. शालूबाई चहा पिऊन निघाल्या. फाटकापाशी त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. विनोदिनीबाई स्वयंपाकघरात तव्यासमोर उभ्या होत्या. गणिताच्या बाईंना उत्तर माहीत होतं, रीत आडवी आली होती.

शेवटचा उपाय शालूबाईंनीच काढला. पहिल्या न्या कीला वस्तू उचलणारं माणूस पाहिजे, आणि असं माणूस म्हणजे बाप्या. रविवारी सकाळी महादेवला त्यांनी पढवून पाठवलं: आत जायचं, बसायचं, वस्तू चांगली म्हणायची, न्या म्हणाले की उचलून आणायची. दुसरं अवाक्षर बोलायचं न्हाय. महादेवनं विचारलं, चांगली म्हणायची म्हणजे काय म्हणायचं? लग्नाला इतकी वर्षं होऊन हा प्रश्न त्यानं विचारावा, याचं वाईट वाटायलाही शालूबाईंना त्या घाईत वेळ नव्हता. त्या म्हणाल्या, लई झ्याक हाय म्हणायचं.

महादेव आला. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी केशवरावांची वेताची आरामखुर्ची होती, त्यांच्या वडिलांची. पाहुण्याला चांगली जागा द्यावी म्हणून केशवरावांनी त्याला तिथंच बसवलं. विनोदिनीबाईंनी तवा मुद्दाम बाहेर आणून टीपॉयवर, पेपर अंथरून, त्याच्या डोळ्यांसमोर ठेवला. आंबोळ्या वाढल्या. महादेव खात राहिला. तव्याकडे त्यानं एकदा पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, आणि पुन्हा खायला लागला.

केशवरावांना धीर धरवेना. तवा कसा काय वाटतो, असं त्यांनी विचारलं.

“हाय की,” महादेव म्हणाला. “आमचाच हाय.”

स्वतःच्या घरच्या वस्तूचं परक्या घरात बसून कौतुक करणं त्याला शोभेना. पण बायकोनं सांगितलेलं कामही राहिलं होतं. आयुष्य वाकून वॉल्व्ह फिरवण्यात गेलेल्या त्याच्या पाठीनं त्या वेतात कधीच घर केलं होतं. त्यानं पाठ सैल सोडली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि अगदी मनापासून म्हणाला, “खुर्ची लई झ्याक हाय.”

विनोदिनीबाई सकाळपासून एकच वाक्य जिभेवर घेऊन बसल्या होत्या. ते निसटलं. “न्या की मग.”

महादेव उठला. पढवलं होतं तसंच त्यानं केलं. खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि दाराबाहेर पडला. केशवराव त्याच्यामागं दारापर्यंत गेले आणि थांबले. काय बोलणार, या गल्लीत ही पद्धत त्यांनीच सुरू केली होती.

फाटकाशी रिक्षा थांबली. दुपारच्या गाडीनं येणारी अक्काताई सकाळच्या गाडीनं आली होती. डोक्यावर खुर्ची घेतलेला भाऊ शेजारच्या घरातनं बाहेर पडताना बघून ती खाली उतरली आणि विचारती झाली, हे रं काय. महादेवला खोटं बोलायला शिकवलेलं नव्हतं, आणि पुरुष एखादी गोष्ट सांगतात तेव्हा सरळच सांगतात. “तवा केशवअण्णांनी न्हेला,” तो म्हणाला. “चांगला म्हणाले, शाली न्या म्हणाली, न्हेला. आता मी खुर्ची न्हेतोय.”

अक्काताई उंच, हाडापेरानं मोठी बाई. ती तडक केशवरावांच्या घरात शिरली. शालूबाई भिंतीपलीकडून धावत आल्या आणि दारातच थांबल्या. अक्काताईनं टीपॉयवरचा तवा पाहिला, उचलला, पालथा करून पाठीवरची लाल फुली बघितली आणि परत ठेवला.

“एक आंबोळी घाला बगू, बाई,” ती विनोदिनीबाईंना म्हणाली.

विनोदिनीबाईंनी तवा आत नेला. अक्काताई पाटावर बसून दोन आंबोळ्या जेवली. हात धुऊन ती बाहेर आली आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाली, “आईचा तवा लई चांगला हाय गं, शालू.”

शालूबाई जाग्यावरच थिजल्या होत्या. पण तोंडाला वळण होतं. “न्या की मग, आक्का.”

अक्काताईनं तिच्याकडे बघितलंच नाही. ती केशवरावांकडे बघत होती, बराच वेळ, जणू एखादं अवघड कुलूप सोप्या किल्लीनं उघडताना पाहिलं असावं तशी.

“इतकी वर्सं मला वाटायचं, न्हाय म्हणायचं असतंय,” ती म्हणाली. मग हात पुढं केला. “आण.”

तवा दुपारच्या बसनं निपाणीला गेला.

शालूबाई केशवरावांशी बोलायच्या बंद झाल्या. विनोदिनीबाईंशी मात्र त्यांचं आधीपेक्षा जास्त जमलं. एक दिवस विनोदिनीबाईंनी तो नवा करडा तवा मधल्या भिंतीवर ठेवून दिला, काही न बोलता. संध्याकाळी तो तिथं नव्हता. कुणी चांगला म्हटलं नाही, कुणी न्या म्हटलं नाही. आता रोज सकाळी शेजारून तेल तापल्याचा वास येतो आणि आंबोळी खरवडल्याचा आवाज.

केशवराव प्लॅस्टिकच्या स्टुलावर पेपर वाचतात. स्टुलाला पाठ नाही, त्यामुळे अग्रलेखापर्यंत कंबर धरते. आठवडाभर हे सोसून एका संध्याकाळी ते शेजारी गेले. महादेव ओट्यावर वेताच्या खुर्चीत पाय सोडून बसला होता. केशवराव समोर उभे राहिले. या वेळी त्यांना नियम पाठ होता: आपण छान म्हणायचं, तो न्या की म्हणेल, आपण पहिल्याच झटक्यात उचलायची. त्यांनी खुर्चीकडे नीट पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “महादेव, खुर्ची फार सुंदर आहे.”

मग ते वाट बघत थांबले.

महादेवनं पाठ जरा मागं रेलली, वेत करकरला. त्यानं क्षणभर विचार केला.

“व्हय,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.